मळ्यातलं गाऱ्हाणं

सहदेव तांडेल बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. आगारातले लोक चेष्टेने म्हणत, सहदेवच्या गाडीची घंटी बिघडली तर दुरुस्तीला टाकू नका, त्याचा गळा आहे ना! तारकर्लीच्या फाट्यावर त्याने 'चला देवबाग' म्हटलं की ज्यांना देवबागला जायचं नव्हतं तेही क्षणभर पिशव्या उचलत. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, पण गळा राहिला. अशा गळ्याचं माणसाने करायचं काय?

वाडीने त्याला काम दिलं. कुणाची नवी होडी पाण्यात उतरायची असो, कुणाच्या घराचा चौथरा असो, विहिरीला पाणी लागलेलं असो, नारळ ठेवायचा म्हटलं की सहदेवला बोलावणं जायचं. गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच. देवाला सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात, नावानिशी सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. कुणाच्या घरात दुखणं आहे, कुणाच्या मुलाचं लग्न अडलं आहे, कुणाचं भावाशी बोलणं बंद आहे, सगळं त्यात येतं. देवापुढे लपवायचं काय, असं सहदेव म्हणायचा. शेजारीपाजारीही ऐकत असतात, ही गोष्ट त्याच्या कधी मनातच आली नाही. की आली होती? त्याकडे आपण येऊच.

वाडीतली जुनी शाळा पट कमी म्हणून बंद झाली होती आणि तिच्या मागची जमीन रान माजून पडली होती. ती जमीन इशिताने ग्रामपंचायतीकडून मागून घेतली. इशिता मालवणची, शिक्षकाची मुलगी, वय तिशीच्या आतबाहेर. कॉलेजांतून फिरून मुलांशी बोलायचं, त्यांच्या मनाची घालमेल ऐकायची, हे तिचं काम. तिचं साधं गणित होतं. मनाच्या दवाखान्याची पाटी लावली तर वाडीतलं एक पोर त्या दारातून आत जाणार नाही. मळा केला तर सगळी येतील. तसंच झालं. दर शनिवारी सकाळी सतरा ते बावीस वयाची आठदहा मुलं-मुली यायची, कुदळ मारायची, विहिरीचं पाणी कळशीने ओतायची आणि हात मातीत असताना जे घरात बोलता येत नाही ते बोलायची. वाडीला वाटायचं, सरकारी भाजीपाल्याची काहीतरी योजना आहे.

इशिताला मुलांचं कळायचं, भाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा सहदेवच्या बायकोने, हिराने, नवऱ्याचं नाव सुचवलं. त्यात समाजसेवा कमी आणि निदान शनिवारी तरी घर शांत राहील हा हिशेब जास्त होता. पण सहदेवला खरंच येत होतं. त्याची आई दर हिवाळ्यात भात कापून झालं की लाल भाजी, मुळा आणि वाल करायची आणि लहानपणी पाणी घालायचं काम त्याच्याकडे असायचं. वाळूत मिसळलेल्या त्या जमिनीला किती शेण लागतं, मासळीची कुट्टी खत म्हणून कधी घालावी, मुळाशी पाणी कसं सोडावं, सगळं हाताला ठाऊक. मुलं त्याला आबा म्हणू लागली. सहदेव दोन इंच उंच झाला.

इशिताचा नियम एकच होता आणि तो तिने पहिल्याच दिवशी सांगितला, "मळ्यात जे बोललं जाईल ते मळ्याच्या बाहेर जाणार नाही. आहे कबूल?"

"कबूल!" सगळ्यांत मोठ्याने सहदेव म्हणाला होता.

मुलांमध्ये रुक्मिणीची अक्षदा होती. रुक्मिणी मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि नवरा ट्रॉलरवर. एकुलती एक मुलगी कोल्हापूरला नर्सिंगला गेली, याचा रुक्मिणीला केवढा अभिमान! ती मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मध्येच घरी आली. कावीळ झाली, असं रुक्मिणीने सांगितलं. मग काय, वाडीने मुलीला उसाचा रस पाजला, झाडपाला आणून दिला, डोळे बघून 'आता उतरली हां' असंही सांगितलं. बिचारी अक्षदा नसलेल्या काविळीचं पथ्य तीन महिने पाळत होती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती आणि सहदेव विहिरीवर दोघंच होती. ती रहाटावर, तो कळशा भरून बाजूला ठेवत होता. पाणी ओढता ओढता, त्याच्याकडे न बघता ती बोलायला लागली. कावीळ नव्हती. हॉस्टेलच्या खाटेवरून उठवतच नसे. अंघोळ नको, जेवण नको, कुणाचा फोन नको. वॉर्डात इंजेक्शन हातात घेतलं की हात थरथरायचा. शेवटी मैत्रीण डॉक्टरकडे घेऊन गेली आणि आता मनाच्या आजाराची गोळी रोज घ्यावी लागते. आईला माहीत आहे, इशिताताईला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

सहदेव एक शब्द बोलला नाही. यात मोठेपणा काही नव्हता, त्याच्या तोंडात पान होतं आणि विहिरीवर थुंकायचं नाही, हा त्याच्याच आईचा दंडक. पण अक्षदाला ते कुठून कळणार? ती म्हणाली, "आबा, तुमी गप ऱ्हवान आयकलात. बाकी सगळे लगेच उपाय सांगतत." आणि डोळे पुसून हसली. पुढच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. त्याच्या पुढच्या शनिवारी तिने लाल भाजीच्या वाफ्यावर उभं राहून एका मुलाला पाणी जास्त घातलंस म्हणून चक्क ओरडा दिला. इशिता सहदेवला हळूच म्हणाली, "मार्चमध्ये ती पुन्हा कॉलेजला जायचं म्हणतेय. या मळ्याने केलं हे, आबा." या मळ्याने म्हणजे कुणी, ते सहदेवने मनात आपल्यापुरतं ठरवून टाकलं.

जानेवारीत भाजी काढणीला आली. पहिली जुडी उपटण्याआधी राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवायचा, हे ओघानेच आलं. मुलांनी आईबापांना बोलावलं, पंचायतीतली माणसं आली, शेजारच्या बायका आल्या. चाळीसेक माणसं सहज असतील. विहिरीजवळच्या दगडापुढे नारळ ठेवून सहदेव उभा राहिला, डोक्यावर टोपी नीट केली आणि त्याने आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या जाग्याचो तू धनी, आमी तुझी लेकरां. आज पयली भाजी काढतांव, ती तुझ्या पायाकडे ठेवतांव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांनी घाम गाळलो, तेंच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या रुक्मिणीचा चेडू, अक्षदा. कावीळ म्हणान घराक इला, पण कावीळ न्हय ती, मनाचो आजार तो! कोल्हापुरात खाटेवरसून उठाक होयना, हात थरथरत. रोज गोळी घेवची लागता तेका. तां तेना माझ्याकडे मन मोकळा केल्यान. तर जा काय वाकडा आसा तां दूर कर, तेची गोळी सुटांदे, तेका परत उभा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस तोंडं एकदम म्हणाली. त्यांत रुक्मिणीचंही होतं. सवयीने म्हणून गेली बाई आणि मग आपण कशाला होकार दिला ते कळून तिने पदर तोंडावर घेतला.

सहदेवला चूक कळली ती इशिताच्या चेहऱ्यावरून. ती रागावलेली नव्हती. एखादं पोर रस्त्यावर धावताना बघावं आणि हाक मारायलाही उशीर झालेला असावा, तशी ती दिसत होती. अक्षदा भाजीच्या वाफ्याजवळ उभी होती. तिने हातातली कळशी खाली ठेवली, सांडणार नाही अशी नीट ठेवली आणि फाटकातून बाहेर पडली. धावली नाही, रडली नाही. तिच्या पाठीकडे सगळी वाडी बघत राहिली.

गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही म्हणून सहदेवने पुढची दोन वाक्यं कशीबशी म्हटली. तो आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

इशिताने नंतर त्याला शाळेच्या पायरीवर गाठलं. "आबा, असं कसं झालं?"

"ओघात निसटला गो," तो म्हणाला. "गाऱ्हाणा घालताना माका भान ऱ्हवणा नाय. जीभ घसारली."

इशिताने मान डोलावली. तिला ते पटलं. वाडीतही ज्याने त्याने तेच म्हटलं. सहदेवभाऊंच्या मनात पाप नाही, देवापुढे निघून गेलं तोंडातून. कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं आणि दुपारपर्यंत ते वाडीच्या ग्रुपवर फिरलं. खाली अंगठे आणि हात जोडलेली चित्रं. 'काय आवाज भाऊ!' असं एकाने लिहिलं होतं. सहदेवने ते एकदा लावून पाहिलं आणि 'तेना माझ्याकडे मन मोकळा केल्यान' या वाक्याला आपला आवाज कसा फुलतो ते ऐकून फोन पालथा घातला.

कारण आता खरं सांगायलाच हवं. काहीही निसटलं नव्हतं.

त्या सकाळी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत मागीलदारी बसून त्याने ते वाक्य जुळवलं होतं. दोनदा म्हणून पाहिलं होतं. 'मनाचो आजार तो' इथे थांबायचं, मग आवाज चढवायचा, हेही ठरवलं होतं. मुलीचं भलं व्हावं असं त्याला वाटत नव्हतं का? वाटत होतं, अगदी मनापासून. पण भलं तर त्याला मनातल्या मनातही मागता आलं असतं. राखणदार काही बहिरा नव्हता. वाडीत कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या मुलीने सहदेव तांडेलला सांगितली, हे लोकांना कळावं, एवढीच ती हौस होती. एवढीशी, चिमूटभर हौस. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची!

हिराने त्याच दिवशी जेवताना विषय काढला. "मी आयकलंय सकाळी. तुमी मागीलदारी म्हणत हुतात तां."

सहदेवने कालवलेला भात पुन्हा कालवायला घेतला.

"माका वाटला, तुमी तिका इचारल्यात," हिरा म्हणाली. "न इचारता असा कोण सांगात?" एवढं बोलून ती ताक आणायला उठली. पुढे कित्येक दिवस तिने तो विषय काढला नाही आणि तेच त्याला जड गेलं. भांडली असती तर त्यानेही चार शब्द सुनावून मोकळं वाटून घेतलं असतं.

पुढचा शनिवार अक्षदा आली नाही. त्याच्या पुढचाही नाही. रुक्मिणीला बाजारात बायका मासळीच्या पाट्यांवरून वाकून विचारू लागल्या, 'चेडवाक बरां आसा मां गो?' कुणी अंगारा आणून दिला, कुणी कणकवलीचा एक जाणता भगत सुचवला, कुणी हळूच सांगितलं की आता लग्नाचं बोलताना जरा सांभाळून. अक्षदा घराबाहेर पडेनाशी झाली. इशिता दोनदा जाऊन आली आणि दोन्ही वेळा 'बघू' एवढंच म्हणाली. मार्चच्या कॉलेजचं नाव आता कुणी घेत नव्हतं. मळ्यातली बाकीची मुलंही सहदेवपुढे एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. भाजीचं विचारायची, बाकी काही नाही. तो जवळ आला की बोलणं मुळ्यावर आणि वालावर यायचं. एका मुलीने तर त्याला बघून वाक्य मध्येच गिळलं. ते त्याने पाहिलं आणि शरमेने त्याला कुठे बघावं कळेना. बत्तीस वर्षांत त्याने कितीतरी फुकट्यांना गाडीतून उतरवलं होतं. आपल्याला कोणी उतरवत कसं नाही, याचंच त्याला आता नवल वाटू लागलं.

तिसऱ्या आठवड्यात, बाजाराची वेळ बघून तो अक्षदाच्या घरी गेला. रुक्मिणी नसणार हे त्याला माहीत होतं. आईला तोंड दाखवायची त्याची छाती नव्हती. अक्षदा दारापुढच्या खळ्यात सूप घेऊन सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, निवडत होती. केस न विंचरलेले, डोळ्यांखाली काळं. त्याला बघून उठली नाही, पण सूप सरकवून तिने जागा केली.

"बसा आबा."

तो पायरीच्या कडेला बसला. काय बोलायचं ते त्याने या वेळी मुद्दामच जुळवून आणलं नव्हतं, त्यामुळे काही सुचेना.

तीच म्हणाली, "इशिताताई सांगी हुती. तुमच्या तोंडातसून ओघात निसटला म्हणान. माका आधी लय राग इल्लो. मगे इचार केलंय, गाऱ्हाण्यात होता तसा. आमचे आजे पण असेच हुते." तिने एक सुंगट उचलून कचरा बाजूला केला. "ह्या शनिवारी येतंय म्हणतंय. लोक बघतीत, बघांदेत. तुमी थयसर आसात, म्हणजे माका बरां वाटात."

आता सांगा, याहून स्वस्तात माफी कुणाला मिळते? नुसती मान हलवायची होती. मुलगी शनिवारी येणार होती, मळा पुन्हा पहिल्यासारखा झाला असता, मार्चमध्ये कदाचित ती कोल्हापूरलाही गेली असती. आणि खरं बोललं तर ती पुन्हा आत जाऊन दार लावून बसेल, ही भीती काही खोटी नव्हती. ती त्याच्या भरवशावर येणार होती आणि त्या भरवशात काय भरलंय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. या माणसासमोर ती उद्या आणखी काहीतरी बोलेल.

"निसटला नाय गो," तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात तो आयुष्यात बोलला नसेल. "सकाळी जुळवन ठेवललंय. दोनदा म्हणान बघलंय."

अक्षदाचे हात थांबले. "कित्या?"

"तू माका सांगलंस, ह्यां लोकांका कळूचा म्हणान."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मग ती उठून घरात गेली. सहदेवला वाटलं, संपलं. आता दार लागणार. तो उठायच्या बेतात होता तेवढ्यात ती एक वही आणि पेन घेऊन बाहेर आली. वहीच्या पुढच्या पानांवर माणसाच्या हाडांची चित्रं होती. तिने ती उलटी करून मागचं कोरं पान काढलं.

"सांगा," ती म्हणाली. "वालीक माटव कधी घालूचो?"

सहदेव गोंधळला. पण प्रश्न वालाच्या मांडवाचा होता आणि उत्तर त्याला येत होतं. त्याने सांगितलं. ती लिहीत गेली. कुट्टी किती दिवस कुजवायची, मुळ्याला कोणत्या दिवसापासून पाणी कमी करायचं, लाल भाजीचं बी कुठल्या जुड्यांतून धरायचं, कीड दिसली तर राख कधी टाकायची. मध्येच थांबवून ती नीट विचारत होती, समजलं नाही तर पुन्हा विचारत होती. हळूहळू सहदेवला बोलायला उत्साह आला. मुलगी विचारतेय म्हणजे पोटातून राग गेला असावा! बोलता बोलता त्याचा आवाजही जरा मोकळा झाला. आईने शिकवलेलं, हाताला ठाऊक असलेलं, कधी कुणाला न सांगितलेलं बारीकसारीकही त्याने आठवून आठवून सांगितलं. तीन पानं भरली.

"आणखी काय ऱ्हवला?" तिने विचारलं.

"नाय," तो समाधानाने म्हणाला. "सगळा झाला."

अक्षदाने पेनाला टोपण लावलं आणि वही मांडीवर ठेवली. "मगे शनिवारपासून तुमी येव नकात, आबा. मी जातंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. पाणी किती घालायचं ते एकदा कळल्यावर माणूस जितक्या सरळपणे बोलतो, तितक्याच सरळपणे ती बोलली. सहदेवने तिच्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. आपण काय देऊन बसलो ते त्याला आत्ता कळलं आणि ते मागून घेण्याचा हक्क आपल्याला नाही हेही कळलं.

"बरा," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कधीपर्यंत?"

"माका म्हायती नाय," अक्षदा म्हणाली आणि सूप पुढे ओढून तिने सुंगटं निवडायला घेतली.

तो घरी आला तेव्हा हिरा चुलीपाशी होती. कुठे चाललो ते तो तिला सांगून गेला होता. पाय धुऊन तो आत येतो न येतो तोच तिने विचारलं, "काय बोलला चेडू?"

सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. ती येणार आहे, वही, हाडांची चित्रं, भरलेले डोळे, सगळं क्रमाने, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा त्यासकट.

"शनिवारी मी मळ्यात जावचंय नाय," एवढंच तो म्हणाला.

"कित्या?"

सहदेवने पाट ओढला, खाली बसला आणि मान खाली घालून ताटाची वाट बघत राहिला. हिराने पुन्हा विचारलं. त्याने सांगितलं नाही.